शेपटी नसलेली ओळ

एप्रिलमध्ये जपानातल्या आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं येतात. रसायनशास्त्राच्या चौथ्या वर्षाची, स्फटिकांच्या रचनेबद्दल उत्सुक आणि आमच्या संगणकांना घाबरणारी. घरी त्यांनी चालू केल्याबरोबर चित्रं दाखवणारा संगणक पाहिलेला असतो. आमच्याकडे युनिक्सच्या जातीची एक फुकट मिळणारी प्रणाली. बटण दाबलं की काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. नाव विचारतो, परवलीचा शब्द विचारतो, दोन्ही दिले तरी पडदा काळाच. मग 'स्टार्टएक्स' असं टाइप करायचं. पडदा लुकलुकतो, राखाडी ठिपक्यांनी भरतो, मधोमध फुलीच्या आकाराचा कर्सर येतो आणि एकेक करून खिडक्या उमटतात: टर्मिनल, घड्याळ, जपानी लिहिण्याची सोय. त्या क्षणी मुलं "ओऽऽ" म्हणतात.

तो "ओऽऽ" दोन वर्षं माझा होता.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक पांढरा फळा आहे. त्यावर प्रत्येकाच्या नावाचं लोहचुंबक, ज्येष्ठतेनुसार वरून खाली. वर आमचे प्राध्यापक मोरिशिता-सेन्सेई, मधे मी, 'सुनेत्रा', जपानी लिपीत, आणि त्या वर्षी माझ्या लगेच खाली जयमाला. जयमालाला मीच आणलं होतं. पुण्यात ती माझ्याच कॉलेजात एक वर्ष मागे. तिचं पत्र आलं तेव्हा सेन्सेईंकडे मी शब्द टाकला, मीच तिला विमानतळावर घ्यायला गेले, कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा तेही मीच शिकवलं. शिष्यवृत्ती नसल्यामुळे ती सकाळी स्टेशनजवळच्या एका बेकरीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. उरलेले गोड पाव पिशवीत भरून आणायची आणि संगणकखोलीच्या दाराशी, जिथे बूट काढून सपाता घालतात तिथल्या कपाटावर ठेवायची. नवी मुलं आधी पावाकडे जात, मग संगणकाकडे.

"ताई, तुला मेलन पाव ठेवलाय. बाजूला काढलाय, नाहीतर ही पोरं संपवतील."

"मला गोड नको."

"बरं, मग दोन मी खाते."

विभागाने त्या वर्षी संगणकखोलीसाठी सहायकाची एक पगारी जागा काढली होती. परदेशी विद्यार्थ्यालाही मिळू शकणारी, आणि एकच. माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपत होती आणि प्रबंधाला त्यापुढेही निदान सहा महिने लागणार होते. जागा मिळाली नाही तर अर्धवट प्रबंध बॅगेत घालून घरी. खोलीतले सगळे संगणक मी उभे केले होते. जपानी लिहिण्याचा प्रोग्रॅम रुसला की सेन्सेईसुद्धा मला हाक मारत. जागा माझीच आहे असं मी धरून चालले होते.

सेन्सेई म्हणाले, "यंदा मुलं जास्त आहेत. निम्म्यांना सुनेत्रा-सान शिकवतील, निम्म्यांना जयमाला-सान. शुक्रवारी मी बघायला येईन. जागेचं त्यानंतर ठरवू."

मी वाकून "हाइ", म्हणजे हो, म्हटलं. का, हे विचारलं नाही. सेन्सेईंना 'का' विचारत नाहीत.

खोलीच्या मधोमध पुस्तकांचं एक उंच कपाट आहे. खिडकीकडची बाजू माझी, दाराकडची जयमालाची. आवाज सगळा इकडून तिकडे ऐकू येतो.

माझ्या शिकवण्यात काही कमी होतं असं मला आजही वाटत नाही. मी मुलांसाठी छापील टिपण केलं होतं. प्रत्येक आज्ञा, तिचा अर्थ, ती दिल्यावर पडद्यावर काय दिसेल आणि दिसलं नाही तर काय तपासायचं, सगळं क्रमाने. माझी जपानी चांगली आहे. आदरार्थी रूपं मी स्थानिक मुलांपेक्षा नीट वापरते, हे सेन्सेईंनीच एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. मी बोलायला लागले की माझी मुलं ताठ बसत, मान हलवत, लिहून घेत.

"इथपर्यंत समजलं?"

"हाइ."

"काही प्रश्न?"

निशिओ नावाचा उंच मुलगा, जो त्यांच्यात आपोआप पुढारी झाला होता, सर्वांच्या वतीने म्हणे, "नाहीत. आभारी आहोत."

आणि त्याच वेळी कपाटापलीकडून हशा.

जयमालाला जपानी येत नव्हतं असं नाही, पण ती बोलायची ती शब्दांची नुसती रास. जपानीत यंत्रं मोजायची रीत वेगळी आणि लहान प्राणी मोजायची वेगळी. जयमालाने खोलीतले संगणक मांजरांसारखे मोजले. कोजिमा नावाची एक मुलगी इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

"जयमाला-सान, संगणक म्याऊ करत नाहीत!"

"करत नाही? मग हा का, रात्रभर, ओरडतो?" जयमाला पंख्याचा घरघराट करणाऱ्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली. पुन्हा हशा. मग कोजिमाने तिला मोजायची रीत शिकवली, आणि त्या बदल्यात, मध्ये श्वासही न घेता, विचारलं, "मग आता मला सांगा, ही घड्याळाची ओळ मी खोडली तर काय होईल?"

"खोड. बघू."

माझ्या वर्गात असा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवून उभी होते, आणि निशिओ अत्यंत आदराने माझ्या बोटाकडे पाहत होता.

त्या दिवसापासून मी कान कपाटापलीकडे ठेवून शिकवत होते. ती त्यांना सारखं काही ना काही मोडायला लावायची. सुरुवातीच्या फाइलमधली एखादी ओळ चुकवायची, काळ्या पडद्यावर आदळायचं, परत यायचं. "आज, काय, मोडतो आपण?" हे तिचं वर्ग सुरू करायचं वाक्य. ते मोडकं वाक्य मुलांनी उचललं होतं. जिन्यावर, जेवणघरात ती एकमेकांना तेच विचारत. माझं कुठलंच वाक्य कुणी उचललं नव्हतं. माझ्या वाक्यांत उचलण्यासारखी चूकच नसायची.

मी एक प्रयोग केला. बुधवारी मुद्दाम एक क्रियापद चुकवलं. शाळेतली पोरंही चुकणार नाहीत असं ढोबळ. आणि थांबले. निशिओने डोळे मिचकावले, शेजारच्याकडे क्षणभर पाहिलं आणि माझी चूक जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

गुरुवारी संध्याकाळी मुलांनी आपापली सुरुवातीची फाइल स्वतः टाइप केली. हीच ती फाइल, जी 'स्टार्टएक्स' म्हटल्यावर वाचली जाते. तोवर त्यांनी माझ्या तयार फाइलवर सराव केला होता. आता टिपणातून बघून स्वतःची करायची. वेळ संपत आला, दुसऱ्या गटाला खोली हवी होती, म्हणून चालवून बघायचं राहिलं.

"झालं? टिपणाप्रमाणे?"

"हाइ."

शुक्रवारी सकाळी सेन्सेई आले. सपाता घातल्या, पावाच्या पिशवीकडे पाहिलं. आधी जयमालाची बाजू. कोजिमाने संगणक चालू केला, नाव दिलं, 'स्टार्टएक्स', राखाडी ठिपके, खिडक्या. रेणूचं चित्र उघडून फिरवून दाखवलं. सेन्सेईंनी मान हलवली.

"समजा, हे सुरूच झालं नाही तर?"

"मोडून दाखवू?" कोजिमा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने फाइल बिघडवली. काळा पडदा. चूक दाखवणारा संदेश तिने मोठ्याने वाचला, कुठली ओळ ते सांगितलं, दुरुस्त केलं, परत आली. सेन्सेईंच्या भुवया वर गेल्या. त्या किती वर जातात ते मला तोवर माहीत नव्हतं.

मग माझी बाजू. निशिओ खुर्चीत बसण्यापूर्वी सेन्सेईंना आणि मला वाकला. टाइप केलं. पडदा लुकलुकला, राखाडी झाला, खिडक्या पापणी लवेपर्यंत दिसल्या आणि सगळं जाऊन काळा पडदा परत आला.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. शेजारच्या मुलीने आपल्या संगणकावर केलं. तसंच. माझ्या सगळ्या मुलांचे पडदे एकामागून एक उजळले आणि विझले.

"मी बघते," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते, पण डोळे ठीक होते. निशिओची फाइल उघडली आणि दोष लगेच दिसला.

त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ एकेक प्रोग्रॅम सुरू करते आणि ओळीच्या शेवटी '&' असं एक चिन्ह असतं. शेपटीसारखं दिसतं, म्हणून मी त्याला शेपटीच म्हणते. शेपटीचा अर्थ: हे सुरू करून दे, त्याच्यासाठी थांबू नकोस, पुढे चल. घड्याळाला शेपटी, टर्मिनलला शेपटी. फक्त शेवटच्या ओळीला ती नसते. तिथे संगणकाने थांबायचं असतं. शेवटचा प्रोग्रॅम जिवंत आहे तोवर सगळ्या खिडक्या जिवंत. त्या ओळीलाही शेपटी लावली तर संगणकाला थांबायला काही उरत नाही. काम संपलं असं समजून तो सगळं आवरून टाकतो.

माझ्या टिपणात शेवटच्या ओळीला शेपटी नव्हती. माझ्या सर्व मुलांच्या फाइलींत होती.

"निशिओ-सान, हे चिन्ह इथे का घातलंत?"

"सुमिमासेन."

"माफी नको, कारण सांगा. टिपणात नाहीये ना?"

"सुमिमासेन." बाकीचीही वाकली. सगळ्यांची डोकी खाली, सेन्सेईंचे हात पाठीमागे, आणि मी त्या एका चिन्हावर बोट ठेवून उभी.

तेवढ्यात कपाटाला वळसा घालून जयमाला आली. तिने पडद्याकडे पाहिलं, निशिओकडे पाहिलं.

"निशिओ-कुन. तू, हुशार. हे, का?"

आणि निशिओला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण आलंच. मग तो तिच्याकडे पाहत, हळू आवाजात म्हणाला, "सगळ्या ओळींना ते चिन्ह होतं. एकाच ओळीला नव्हतं. आम्हाला वाटलं, सेम्पाईंच्या हातून राहिलं असेल. विचारलं असतं तर चूक दाखवल्यासारखं झालं असतं. त्यांनी इतकं मन लावून टिपण केलंय. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी ठरवलं, गुपचूप दुरुस्त करून घेऊ."

"नारुहोदो," सेन्सेई म्हणाले. म्हणजे, असं आहे होय.

सेम्पाई म्हणजे मी. वरच्या वर्षाची, आदर करण्याची व्यक्ती. माझ्याबद्दलच्या आदरापोटी काय केलं ते, माझ्यासमोर, माझ्या टिपणाबद्दल, त्याने जयमालाला सांगितलं. मी एका हाताच्या अंतरावर होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी शेपटी खोडली. पडदा उजळला आणि उजळलेला राहिला. कुणीही "ओऽऽ" म्हटलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी स्टेशनकडे टेकडी उतरत होतो. ती सायकल हातात धरून, माझ्या चालीने.

"ताई, रागावलीस?"

"कशाला?"

"मी मधे यायला नको होतं. पण ती पोरं रडतील असं वाटलं गं."

"आलीस ते बरं झालं. कळलं तरी."

"तुझी जपानी ऐकली ना, की मलाच वाटतं वाकावं आणि सॉरी म्हणावं. काय केलंय ते माहीत नसताना." ती हसली. मी हसले नाही. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आणि ती मला विचारतात त्यात माझं काही मोठेपण नाही. मी त्यांच्या मोजण्यातच नाहीये. माझ्यापुढे चुकलं तर लाज कसली? बेकरीतली बाई मला अजून 'ए परदेशी' म्हणते. इथे निदान 'जयमाला-सान' म्हणतात."

हे ऐकून मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, तेसुद्धा हिलाच मिळालं. मोजण्यात नसणं.

"जागा तुलाच मिळेल," ती म्हणाली. "मशीन सगळी तूच चालवतेस. मला मिळाली तर बेकरी सोडेन म्हणते, बाकी काय."

"तुला हवी आहे का?"

"हवी तर आहेच ना. पहाटे उठून कणीक मळून बघ एकदा." सायकलवर बसता बसता तिने मागे वळून पाहिलं. "तू मळशीलही. मोजून, वजन करून. पाव मात्र कुणी खाणार नाही!"

चिडवायची तिची ही कॉलेजातली सवय. मी नेहमी उत्तर देते. त्या दिवशी मी नुसता हात हलवला आणि स्टेशनात शिरले.

सोमवारी सेन्सेईंनी मला खोलीत बोलावलं. इथे अशी रीत आहे: धाकट्याबद्दल काही ठरवायचं तर थोरल्याचं मत आधी विचारतात.

"जयमाला-सानबद्दल तुमचं मत काय?"

माझं वाक्य तयार होतं. ट्रेनमध्ये मी ते घडवलं होतं. जपानीत टीका करायची तर करावी लागत नाही. आधी स्तुती करायची, मग 'पण' म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं ऐकणारा मनात भरून घेतो. तुमच्या तोंडून वाईट काही निघत नाही आणि काम होतं. माझं वाक्य निर्दोष होतं.

"जयमाला-सान फार उत्साहाने शिकवतात," मी म्हणाले. "मुलांना त्या आवडतात. पण..."

आणि थांबले.

सेन्सेईंनी मान हलवली. "हाइ," ते म्हणाले. "हाइ, हाइ."

ती मान मला ओळखीची होती. दोन वर्षं मी ती माझ्या वर्गात पाहत होते. ते काही विचारणार नव्हते. माझ्या वाक्यात जे राहिलं असं त्यांना वाटत होतं, ते ते गुपचूप स्वतःच लिहून घेणार होते, माझ्याबद्दलच्या आदरापोटी. काय लिहितील, ते मला कधीच कळणार नव्हतं.

"पण ती जागा मलाही हवी आहे," मी म्हणाले. आदरार्थी रूप आठवलं नाही, साधंच बोलले. जयमालासारखं. "माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपते. प्रबंध तोवर होत नाही."

त्यांची मान हलायची थांबली.

"सप्टेंबरात? पुढच्या मार्चपर्यंत आहे ना?"

"नाही. मी ऑक्टोबरात आले होते. मुदत सप्टेंबरपर्यंतच."

"मुदतवाढीचा अर्ज?"

"तो मार्गदर्शकांनी सुचवावा लागतो."

"मग मला का नाही म्हणालात?"

मी खाली पाहिलं. तोंडात "सुमिमासेन" तयार होतं. ते गिळलं. "तुम्ही विसरलात असं दाखवल्यासारखं झालं असतं," मी म्हणाले.

सेन्सेई मोठ्याने हसले. निशिओच्या वेळी ते हसले नव्हते. "तुम्हीसुद्धा शेवटच्या ओळीला ते चिन्ह लावता तर," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "जागा शिकवण्यासाठी आहे, सुनेत्रा-सान. ती जयमाला-सानना जाईल. त्या बाबतीत तुमचं वाक्य पहिल्या भागातच पूर्ण होतं. मुदतवाढीचं मी आज लिहितो. वचन देत नाही."

मुदतवाढ जूनमध्ये मिळाली, मार्चपर्यंतची. जयमालाने बेकरी सोडली, त्यामुळे पावही बंद झाले, आणि मुलांनी त्याबद्दल जाहीर दुःख केलं. फळ्यावर तिचं लोहचुंबक अजून माझ्या खालीच आहे. तेवढं आहे.

शिकवण्याचं सगळं तिच्याकडे गेलं. मी खिडकीजवळ बसून प्रबंध लिहिते. कपाटापलीकडून हशा आला की माझी ओळ चुकते, आणि हे तिला कळू नये म्हणून मी जोरात टाइप करते.

परवा निशिओ कपाटाला वळसा घालून आला. जयमाला कोजिमाबरोबर काहीतरी मोडत होती. तो वाट बघून कंटाळला असावा.

"सेम्पाई, घड्याळ नको असेल तर बंद कसं करायचं?"

मी त्याच्या पडद्यापाशी गेले. त्याने फाइलची नव्याने मांडणी केली होती, आकाराने लहान ते मोठी अशी काहीतरी त्याची स्वतःची नीटनेटकी रचना, आणि घड्याळ शेवटच्या ओळीवर गेलं होतं. शेपटीशिवाय. शेवटच्या ओळीला शेपटी नको, एवढं तो पक्कं शिकला होता. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. कारणासकट, क्रमाने, तीन वाक्यांत सांगता आलं असतं. पहिलं वाक्य जिभेवर आलंही.

"बंद करून बघ," मी म्हणाले.

त्याने घड्याळ बंद केलं. टर्मिनल, अर्धं लिहिलेला अहवाल, रेणूचं चित्र, सगळं एकदम नाहीसं झालं. काळा पडदा.

"एऽऽ?" निशिओ खुर्चीतून अर्धा उठला. "सेम्पाई! तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्याने मला 'का' विचारलं होतं, मोठ्याने, आणि तोंड तसंच उघडं ठेवून उत्तराची वाट पाहत होता. मला हसू आलं. थांबवता आलं नाही, मग त्यालाही आलं.

हसता हसता मी कपाटाच्या फटीतून पलीकडे पाहिलं. जयमालाला ऐकू गेलं का, ते बघायला.